मानवी देहाचे विच्छेदन, वैद्यकीय शिक्षण आणि इस्लामी धर्मशास्त्र

फोंडावाचक (धागाकर्ती)

आमच्या नात्यातील एका मुलीला यंदा बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, एमबीबीएसला प्रवेश मिळाला आणि घरातील आनंदाबरोबर एक प्रश्नही चर्चेला आला. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र शिकताना तिला मृतदेहाचे विच्छेदन करावे लागेल. ते इस्लामला मान्य आहे का, आणि ज्याच्या देहावर ती शिकणार त्या माणसाच्या हक्काचे काय, असे तिच्या नानांनी विचारले. त्यांचा तिच्या शिक्षणाला मुळीच विरोध नाही. प्रश्न श्रद्धेने विचारलेला असल्यामुळे त्याचे उत्तरही तितक्याच गांभीर्याने दिले पाहिजे, म्हणून जे वाचले आणि जाणत्या आलिमांकडून (धर्मविद्वानांकडून) समजून घेतले ते येथे मांडते.

विच्छेदन करावे किंवा करू नये असा थेट आदेश कुराणात नाही. मनाई करणारे मुख्यतः सूरह अल्-इस्राच्या ७० व्या आयतीपासून सुरुवात करतात. आदमच्या संततीला सन्मान दिल्याचे अल्लाहने तेथे सांगितले आहे आणि मृत्यूने तो सन्मान संपत नाही, याबद्दल धर्मशास्त्रज्ञांत मतभेद नाही. हजरत आयशा यांनी सांगितलेली, अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांतील हदीस (पैगंबरांचे वचन) तर अगदी स्पष्ट आहे: मृताचे हाड मोडणे हे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखेच आहे. उहुदच्या लढाईत, म्हणजे इसवी सन ६२५ मध्ये, पैगंबरांचे चुलते हजरत हमजा यांच्या देहाची शत्रूने विटंबना केली होती. असे असूनही पैगंबरांनी शत्रूच्या प्रेतांची विटंबना करण्यास मुसलमानांना मनाई केली. शिवाय गुसल (मृताला स्नान), कफन, जनाजाची (अंत्यविधीची) नमाज आणि दफन ही सर्व समाजाची सामूहिक जबाबदारी, म्हणजे फर्ज-ए-किफाया आहे आणि मय्यतीला (मृताच्या दफनाला) विलंब लावू नये अशी ताकीद आहे. शिक्षणासाठी दिलेला देह कित्येक महिने दफनाविना राहतो, ही गोष्ट श्रद्धावंताला बोचणारच.

मात्र हीच परंपरा दुसरी बाजूही सांगते. हाडासंबंधीच्या हदीसचा प्रसंग काही भाष्यकारांनी असा दिला आहे की कबर खणताना एकाला जुने हाड सापडले, तो ते मोडू लागला आणि पैगंबरांनी त्याला थांबवले. म्हणजे तेथे निषेध आहे तो निष्कारण केलेल्या अवहेलनेचा. गर्भवती स्त्री मरण पावली आणि पोटातील मूल जिवंत असल्याची खूण दिसली, तर तिचे पोट चिरून मूल काढावे की नाही, यावर जुन्या फिक्हमध्ये (इस्लामी धर्मकायद्याच्या शास्त्रात) सविस्तर चर्चा आहे. सुन्नी धर्मकायद्याच्या हनफी आणि शाफई या परंपरांच्या ग्रंथांनी ते मान्य केले आहे; अंदलुसियाच्या (मुस्लिम स्पेनच्या) इब्न हज्म यांनीही ते आवश्यक मानले आणि एक जीव वाचवणे म्हणजे सर्व मानवजातीला वाचवणे, या सूरह अल्-माइदाच्या ३२ व्या आयतीचा आधार घेतला. हंबली परंपरेतील जुने मत मात्र पोट चिरण्याच्या विरोधात होते आणि सुईणींनी हाताने मूल काढण्याचा प्रयत्न करावा असे सांगत होते. सांगायचा मुद्दा एवढाच की मृताचा सन्मान आणि जिवंताचा जीव यांची तुलना करून निर्णय देण्याची रीत फकीहांना (धर्मकायद्याच्या जाणकारांना) नवी नव्हती.

विसाव्या शतकातील निर्णय याच वाटेने गेले. इजिप्तचे मुफ्ती हसनैन मुहम्मद मखलूफ यांनी असा युक्तिवाद केला की समाजात वैद्य असणे हे सामूहिक कर्तव्य आहे, शरीररचनेच्या ज्ञानाशिवाय वैद्य तयार होत नाही, आणि ज्याच्याशिवाय कर्तव्य पुरे होत नाही ती गोष्टही कर्तव्याचाच भाग ठरते. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने हिजरी १३९६ मध्ये, म्हणजे १९७६ साली, आपल्या ४७ व्या ठरावात गुन्ह्याच्या तपासासाठी आणि रोगांच्या शोधासाठी शवविच्छेदन मान्य केले आणि शिक्षणासाठीच्या विच्छेदनालाही मर्यादित मुभा दिली. मक्केतील मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह अकादमीने १९८७ च्या अधिवेशनात हीच तीन कारणे मान्य केली, परंतु अटी अधिक नेमक्या घातल्या. मृताने हयातीत किंवा त्याच्या वारसांनी नंतर परवानगी दिलेली असावी. गरजेपुरतेच विच्छेदन व्हावे आणि देहाशी खेळ होऊ नये. स्त्रीचा देह स्त्री डॉक्टरांनीच हाताळावा. त्या उपलब्ध नसतील तरच अपवाद करावा. शेवटी देहाचे सर्व भाग दफन व्हावेत.

या अटी वाचल्यावर मला असे वाटते की विद्यार्थिनीने सुरी हाती घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळालेले आहे. न मिळालेले उत्तर त्या टेबलावरच्या माणसाबद्दलचे आहे: त्याला कोणी विचारले होते का, आणि त्याला अखेर माती मिळणार का? त्यावर जाणकारांनी लिहावे.

शरीररचना शिक्षक

ताई, आपण विषय फार व्यवस्थित मांडला आहे. मी अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले. प्रथम इतिहासाबद्दल थोडे लिहितो, कारण मुसलमान वैद्यांनी या शास्त्रात काय केले हे गोव्यातील आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

ग्रीक वैद्य गॅलेन याने माकडांच्या आणि डुकरांच्या विच्छेदनावरून मानवी शरीराविषयी अनुमाने काढली होती आणि हजार-बाराशे वर्षे ती प्रमाण मानली गेली. इजिप्तमध्ये १२०० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अब्द अल्-लतीफ अल्-बगदादी यांनी उघड्यावर पडलेल्या सांगाड्यांचे ढीग तपासले आणि माणसाचा खालचा जबडा गॅलेन म्हणतो तसा दोन हाडांचा नसून एकाच अखंड हाडाचा आहे, असे लिहून ठेवले. ग्रंथापेक्षा डोळ्यांचा पुरावा मोठा, हे त्यांनी स्पष्टपणे म्हटले. त्याच शतकातील इब्न अल्-नफीस यांनी हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून थेट डावीकडे जात नाही, ते फुप्फुसांतून फिरून जाते, हे मांडले. विशेष म्हणजे शरीअत आणि स्वतःच्या मनातील करुणा यांमुळे आपण विच्छेदनापासून दूर राहिलो, असे त्यांनी त्याच ग्रंथात लिहिले आहे. त्यांनी प्रत्यक्षात विच्छेदन केले होते का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मला त्या वादापेक्षा त्या वाक्यातील दुसरे कारण महत्त्वाचे वाटते, कारण निव्वळ कायद्याच्या भीतीने हात आखडणारा माणूस करुणेचा उल्लेख करणार नाही.

पुढे १८२७ मध्ये कैरोजवळ अबू झाबल येथे क्लॉत बे या फ्रेंच वैद्याने वैद्यकीय शाळा काढली, तेव्हा उलेमांशी समजुतीने बोलूनच विच्छेदन सुरू करावे लागले. इस्तंबूलमध्ये १८४१ साली सुलतान अब्दुलमजीद यांच्या फर्मानाने वैद्यकीय शाळेला परवानगी मिळाली. योगायोग असा की पणजीची वैद्यकीय शाळा, जिचा वारसा आज गोमेकॉ सांगते, ती त्यानंतर लगेच १८४२ मध्ये उभी राहिली. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे पोर्तुगीज अमलाखाली हे शिक्षण नियमित रूप घेत होते, त्याच काळात मुस्लिम जगातही ते घडत होते. कलकत्त्याला पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये विच्छेदन केले तेव्हा हिंदू समाजालाही याच प्रश्नातून जावे लागले होते.

प्रतिकृती आणि संगणकावरील चित्रे असताना खरा देह कशाला, असे पालक विचारतात. प्रतिकृतीत प्रत्येक रक्तवाहिनी जेथे हवी तेथेच असते. प्रत्यक्षात एखाद्याच्या मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन रोहिण्या जातात आणि पित्ताशयाची रोहिणी तर इतक्या ठिकाणांहून निघते की ते ठाऊक नसलेला शल्यचिकित्सक रुग्णाला रक्तस्रावात लोटू शकतो. हा वेगळेपणा प्रत्यक्ष देहांवरच कळतो. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांकडून मृतदेहाच्या सन्मानाची शपथ घेण्याची पद्धत आता अनेक महाविद्यालयांत आहे आणि देह आदराने कसा हाताळावा, हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मी स्वतः वर्गात छायाचित्र, थट्टा किंवा टोपणनाव यांतले काहीही कधी चालू दिले नाही.

सांगेकर

सलाम. धागाकर्तीच्या अभ्यासाचा आदर राखून वेगळी बाजू मांडतो, कारण गोव्यातील बहुतेक मशिदींत जे ऐकायला मिळते ते याहून कडक आहे आणि त्याला कारणे आहेत.

आपल्या उपखंडातील अनेक हनफी मुफ्तींच्या मते माणूस आपल्या देहाचा मालक नाही. देह ही अल्लाहची अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव, आहे. वसीयत (मृत्युपत्र) करता येते ती मालकीच्या वस्तूची. जे आपले नाही त्याची वसीयत कशी होईल? म्हणून देहदानाचा अर्ज भरला तरी धर्माच्या दृष्टीने ती वसीयत ठरत नाही आणि वारसांवर ती पाळण्याचे बंधनही येत नाही, उलट दफन करण्याचे बंधन कायम राहते. मानवी अवयवाचा वस्तूसारखा वापर करण्यास हनफी ग्रंथांनी मनाई केली, त्यामागे अवयव अपवित्र असल्याची कल्पना नाही, माणूस सन्माननीय आहे ही भूमिका आहे.

गरजेने निषिद्ध गोष्टीला मुभा मिळते, हा नियम मलाही मान्य आहे. परंतु त्याच नियमाला जोडून दुसरा आहे की मुभा गरजेपुरतीच मिळते. देशात दरवर्षी हजारो विद्यार्थी शिकतात, देहदान करणारे लोकही आहेत, तंत्रज्ञानही पुढे गेले आहे. मग मुसलमानाने स्वतःचा देह द्यावा, इतकी निकड कोठे आहे? मुलीने शिकावे, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. देह देण्याबद्दल आहे.

म्हादईकाठ

मी हिंदू आहे आणि माझ्या आजोबांचे देहदान झालेले आहे, त्यामुळे हा धागा मनापासून वाचत आहे. एक प्रश्न स्पष्टपणे विचारतो. १९७६ च्या ठरावात शिक्षणासाठी 'मर्यादित' मुभा होती असे आपण लिहिले. मी असे वाचले आहे की ती मर्यादा म्हणजे शक्यतो मुसलमानेतरांचेच देह वापरावेत. हे खरे आहे का? आणि सांगेकर यांच्या म्हणण्याप्रमाणे मुसलमान विद्यार्थ्याने माझ्या आजोबांच्या देहावर शिकावे, पण आपला देह देऊ नये, हे न्याय्य कसे?

फोंडावाचक (धागाकर्ती)

दादा, आपल्या प्रश्नाला बगल देणे योग्य होणार नाही.

त्या ठरावाची भाषा अशी आहे की ज्यांचे रक्त आणि देह शरीअतने संरक्षित मानले आहेत, अशांऐवजी संरक्षण नसलेल्यांचे देह मिळत असतील तर तेवढ्यावर भागवावे. संरक्षित म्हणजे केवळ मुसलमान नव्हेत. मुसलमानांशी करार करून किंवा त्यांच्या सोबतीने शांततेत राहणारा प्रत्येक मुसलमानेतर हा जुन्या फिक्हमध्येही संरक्षितच आहे. त्यामुळे भारतात, एकाच संविधानाखाली राहणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये, अशी वर्गवारी करायला या ठरावाच्या भाषेतही आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. काही शिया मराजेंच्या (सर्वोच्च धर्मगुरूंच्या) निर्णयांत मात्र मुसलमान आणि मुसलमानेतर असा भेद उघडपणे केलेला आढळतो. आयतुल्लाह खोमेनी यांनी मुसलमानाच्या देहाचे विच्छेदन सामान्यतः निषिद्ध ठरवले आणि एखाद्या मुसलमानाचा जीव त्यावर अवलंबून असेल व दुसरा देह मिळत नसेल तरच मुभा दिली. हे लपवून चर्चा पुढे जाणार नाही.

मला स्वतःला हा भेद पटत नाही, आणि त्याचे कारण मी धर्मातूनच देते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत एक प्रसंग आहे. कादिसिया येथे सहल इब्न हुनैफ आणि कैस इब्न साद हे दोघे सहाबी (पैगंबरांचे सहकारी) बसले असताना एक अंत्ययात्रा गेली आणि ते उठून उभे राहिले. ती येथील मुसलमानेतराची आहे, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा त्यांनी सांगितले की पैगंबरांसमोरून एका ज्यूची अंत्ययात्रा गेली, ते उभे राहिले, आणि कोणी तो ज्यू असल्याचे लक्षात आणून दिल्यावर त्यांनी विचारले, तो जीव नव्हता काय? ज्या आयतीवर देहाच्या सन्मानाचा सगळा विचार उभा आहे तीही आदमच्या संततीबद्दल बोलते, एखाद्या उम्मतीबद्दल (धर्मसमुदायाबद्दल) नाही. सन्मान जर सर्वांचा आहे तर विच्छेदन एकाच्या बाबतीत अवहेलना आणि दुसऱ्याच्या बाबतीत शिक्षण, असे होऊ शकत नाही.

सांगेकर साहेब, आपली अमानतीची मांडणी मी हलकी मानत नाही. देहाचा मालक कोण, या प्रश्नावर आपण जे लिहिले ते परंपरेत पक्के आहे. परंतु अमानत राखणाऱ्याने ती सत्कार्यासाठी सोपवावी की नाही, यावरच तर विसाव्या शतकातील फकीहांत मतभेद झाला, आणि मक्केच्या अकादमीने मृताच्या परवानगीला किंमत दिली म्हणजे तिच्या दृष्टीने त्या परवानगीला काही अर्थ आहे. शिवाय निकड नाही असे आपण म्हणता तेव्हा ती निकड दुसऱ्या कोणीतरी आधीच भागवलेली असते. म्हादईकाठ यांच्या आजोबांनी ती भागवली. मी कोणत्याही मुसलमानावर देहदानाचा आग्रह धरत नाही, कारण ज्याचे मन आणि ज्याचा मुफ्ती परवानगी देत नाही त्याने ते करू नये. पण घेणे चालते आणि देणे चालत नाही, या भूमिकेचे समर्थन करणाऱ्याने ते म्हादईकाठ यांच्यासमोर बसून करता येईल अशा शब्दांत केले पाहिजे.

आणि आपल्या सर्वांच्या नजरेतून सुटणारा गट बेवारस मृतांचा आहे. आपल्या देशातील राज्यांचे शरीररचनाशास्त्रविषयक कायदे, उदाहरणार्थ १९४९ चा मुंबईचा कायदा, बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद करतात. गोव्यात बांधकामावर, मासेमारीच्या होड्यांवर, हॉटेलांत काम करणारे कितीतरी लोक दूरच्या राज्यांतून एकटेच आलेले असतात. त्यांतील कोणी रस्त्यावर किंवा इस्पितळात दगावला आणि त्याचे नाव सांगणारे कोणी नसले, तर त्याची संमती कोण देणार? तो मुसलमान असेल तर जनाजाचे फर्ज या भागातील आपल्यावर येते. तो मुसलमान नसेल तरी त्याच्या सन्मानाचे कर्तव्य येतेच. खुशीने दिलेले देह जितके वाढतील तितकी या निराधार माणसांवरची मदार कमी होईल. देहदानाच्या बाजूने मला हा युक्तिवाद सर्वांत बलवान वाटतो, आणि तो इस्लामी आहे.

पणजी वकील

एक खुलासा केवळ गोंधळ टाळण्यासाठी. शिक्षणासाठीचे विच्छेदन आणि पोलिसांनी करवलेले शवविच्छेदन, ज्याला आपण पोस्टमार्टेम म्हणतो, या कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली चौकशी होते, १ जुलै २०२४ पूर्वी ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली होत असे, आणि तेथे नातेवाइकांची संमती आवश्यक नसते. दफनाला उशीर होतो ही मुस्लिम कुटुंबांची व्यथा मी वारंवार ऐकली आहे. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्राने पुरेशी सोय असलेल्या इस्पितळांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाची परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय अशी प्रकरणे सामान्यतः त्यातून वगळलेली आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून सीटी स्कॅनच्या साहाय्याने, देह न चिरता तपासणी करण्याची सोयही सुरू झाली आहे. ती सर्वत्र आली तर मुसलमानांनाच नव्हे, अनेकांना दिलासा मिळेल.

सांगेकर

धागाकर्तीच्या शेवटच्या परिच्छेदावर मी दोन दिवस विचार केला. बेवारस मय्यतीची जबाबदारी आपल्यावर येते, हे शंभर टक्के मान्य. देहदानाबद्दल माझे मत बदललेले नाही, परंतु घेणे आणि देणे यांबद्दल जे विचारले आहे त्याचे उत्तर माझ्याकडे असलेल्या फतव्यांत मला सापडत नाही, आणि ते मी येथल्या मौलाना साहेबांपुढे ठेवणार आहे.

एक व्यावहारिक बाब. कोणी देह दिलाच तर गुसल आणि जनाजाची नमाज देह सोपवण्यापूर्वी करता येईल का? हनफी मतानुसार मय्यत समोर नसताना नमाज होत नाही आणि एकदा रीतसर झालेली नमाज पुन्हा पढली जात नाही. नंतर परत मिळालेल्या अवशेषांचे काय?

फोंडावाचक (धागाकर्ती)

मी ज्यांना विचारले त्यांचे म्हणणे असे की नमाज आधी पढून घ्यावी आणि नंतर मिळालेले अवशेष स्वच्छ कापडात गुंडाळून नमाजेशिवाय दफन करावेत. हा प्रश्न जेथे खरा बिकट होतो तो बेवारस देहाच्या बाबतीत, कारण त्याच्यासाठी आधी कोणीच नमाज पढलेली नसते. हनफी मतानुसार देहाचा अर्ध्याहून अधिक भाग, किंवा डोक्यासह अर्धा भाग मिळाला तर गुसल आणि नमाज आहे, त्याहून कमी असल्यास केवळ दफन. शाफई मत याहून उदार आहे. जमलच्या (मुसलमानांतील सुरुवातीच्या यादवीतील) लढाईनंतर एका पक्ष्याने मक्केत एक तुटलेला हात आणून टाकला, अंगठीवरून तो अब्दुर्रहमान इब्न अत्ताब यांचा असल्याचे ओळखले गेले आणि लोकांनी त्या हातावर जनाजाची नमाज पढली, असे शाफई ग्रंथ सांगतात. कोकण किनाऱ्यावरचे अनेक मुसलमान शाफई असल्याने आपल्याकडे हे मत परके नाही.

शिक्षक सर, आपणास एक विनंती. अभ्यास संपल्यावर अवशेषांचे काय होते आणि मृताचा धर्म माहीत असेल तर ते दफनासाठी त्या समाजाकडे सोपवता येतात का, हे विभागाकडे लेखी विचारायचे झाल्यास अर्ज कोणाच्या नावे करावा?

शरीररचना शिक्षक

अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे करावा आणि प्रत शरीररचनाशास्त्र विभागप्रमुखांना द्यावी. एखाद्या व्यक्तीने करण्याऐवजी मशिदीच्या जमातीच्या वतीने, कब्रस्तानच्या व्यवस्थापकांचे संमतिपत्र जोडून केल्यास अधिक बरे, कारण सोपवण्याची तयारी असली तरी स्वीकारणारा कोण, हे विभागाला ठाऊक असावे लागते. देहदानाच्या अर्जावरही अवशेष कुटुंबाकडे परत द्यावेत अशी इच्छा स्वतंत्र कागदावर लिहून जोडावी आणि तिची पोच घ्यावी. मसुदा तयार करण्यास मी मदत करीन; सांगेकर साहेबांनी त्यातील धार्मिक भाग तपासून द्यावा.

सांगेकर

देईन. मसुद्यात बेवारस देहांचा परिच्छेद आधी घ्यावा, देहदानाचा नंतर.